पहिल्या वर्षी आजारी जनावर भेटत नाही

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात तुझा प्रवेश पक्का झाल्याचं तुझ्या वडिलांकडून कळलं, पाठोपाठ तुझा लांबलचक निरोपही आला. त्यातले अर्धे प्रश्न हॉस्टेल आणि मेसचे आहेत. त्यांची उत्तरं सीनियर मुली माझ्यापेक्षा चांगली देतील. उरलेल्या प्रश्नांचा सूर एकच आहे: पहिल्या वर्षात इंजेक्शन नाही, औषधं नाहीत, ऑपरेशन तर नाहीच नाही, मग वर्षभर शिकवतात तरी काय?

निरोगी जनावर शिकवतात. अख्खं वर्ष तेवढंच. आणि हे वर्ष ज्यांनी कंटाळत काढलं ते पुढे दवाखान्यात गाईसमोर उभे राहतात तेव्हा त्यांना औषधांची नावं आठवतात, पण समोरच्या गाईत बिघडलंय काय हे कळत नाही. बिघडलेलं ओळखायचं तर धडधाकट जनावर हाताला, डोळ्याला, कानाला पाठ असावं लागतं. माझं सगळं पत्र या एका गोष्टीसाठी आहे.

आधी रचना थोडक्यात. हा पदवी अभ्यासक्रम भारतीय पशुवैद्यक परिषद ठरवते. त्यामुळे परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, कुठेही गेलीस तरी विषय तेच. एकूण साडेपाच वर्षं, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी म्हणजे शरीररचना, फिजिओलॉजी म्हणजे शरीराचं काम कसं चालतं ते आणि तिच्या जोडीला बायोकेमिस्ट्री म्हणजे शरीरातलं रसायनशास्त्र, आणि एलपीएम म्हणजे पशुधन उत्पादन व व्यवस्थापन. पॅथॉलॉजी म्हणजे रोगाने शरीरात काय बिघडतं ते, आणि मायक्रोबायोलॉजी म्हणजे जंतूंचं शास्त्र, दुसऱ्या वर्षापासून. मेडिसिन, सर्जरी वगैरे ज्यासाठी तू जीव टाकते आहेस ते शेवटाकडे. हजेरी पंचाहत्तर टक्के लागतेच, त्यात कुणी सूट देत नाही.

पहिला महिना हाडांचा. तू विचारलंस, हाडंच का आधी? कारण स्नायू हाडाला चिकटतात, नसा आणि रक्तवाहिन्या हाडाच्या कडेने आणि खाचेतून जातात. हाड कळलं नाही तर त्याच्यावरचं काहीच जागेवर बसत नाही. आपल्याकडे मुख्य जनावर म्हणून गाय-बैल शिकवतात आणि बाकीची जनावरं त्याच्याशी ताडून. सगळी गंमत या ताडण्यात आहे. गाईला बरगड्यांच्या १३ जोड्या, कुत्र्यालाही १३, घोड्याला १८. गाईच्या खांद्याच्या फऱ्याला जो पुढे आलेला कोंब असतो तो घोड्याला नसतोच. घोड्याच्या मांडीच्या हाडावर बाहेरच्या बाजूला एक जादा उंचवटा असतो, तो गाईला नाही. गाईच्या हृदयात चक्क दोन लहान हाडं सापडतात. आणि यातल्या कुणालाच आपल्यासारखं गळ्याजवळचं हाड नसतं. पुढचा अख्खा पाय धडाला केवळ स्नायूंनी लटकलेला असतो. कुत्र्यात त्या हाडाची नावापुरती खूण राहते, इतकंच.

परीक्षेत स्पॉटिंग असतं: टेबलावर हाडं मांडलेली, प्रत्येकावर चिठ्ठी, घंटा वाजली की पुढे सरकायचं. हाड कोणतं, कोणत्या जनावराचं, डाव्या बाजूचं की उजव्या. मुलं यासाठी चित्रं पाठ करतात. तू तसं करू नकोस. हाड हातात घे, डोळे मिट आणि बोटांनी ओळख. यात वेड्यासारखं काही नाही. पुढे गाय गाभण आहे का ते तपासताना हात कोपरापलीकडे आत जातो आणि डोळ्यांचा काही उपयोग नसतो. आधी ओटीपोटाचा हाडांचा घेर, मग गर्भाशयाचं टणक तोंड, त्यापुढे गर्भाशयाची दोन शिंगं, बाजूला अंडाशय. हा सगळा नकाशा बोटांत असावा लागतो. बोटांना ती सवय पहिल्या वर्षीच लागते.

डिसेक्शन हॉलचा वास तुला आधीच सांगून ठेवतो. फॉर्मॅलिन भरून ठेवलेलं शव असतं, बहुधा रेडकाचं. डोळ्यांतून पाणी येतं, पहिले काही दिवस जेवण जात नाही. खिडकीजवळची जागा धर, हातमोजे घाल, लेन्स वापरत असशील तर त्या दिवशी चष्मा लाव. आणि मागच्या रांगेत उभी राहू नकोस. दहा जणांच्या गटात दोघं कापतात आणि आठ जण बघतात, असंच होतं. त्या दोघांत तू असलीस पाहिजेस.

कापताना प्रत्येक नसेजवळ एक प्रश्न विचारायची सवय लाव: ही तुटली, दबली तर काय होईल? मांडीमागून जाणारी जाड पांढरी नस बघशील, सायाटिक. वासराला पुठ्ठ्यावर चुकीच्या जागी सुई टोचली की ती दुखावते आणि वासरू पाय ओढायला लागतं. म्हणून इंजेक्शन मानेत द्यायचं असं पुढे सांगतात. तेव्हा ते तुला नियम म्हणून पाठ करावं लागणार नाही. तसंच जाळीपोटाचं. गाईच्या पोटाचे चार कप्पे तू शाळेत पाठ केलेस, पण त्यातला जाळीपोट हा कप्पा नेमका कुठे असतो? अगदी पुढे, पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याला टेकून, आणि पडद्यापलीकडे हृदय. गाय चारा निवडून खात नाही, भराभर गिळते. वैरणीतून गेलेली तार किंवा खिळा जड असल्यामुळे याच कप्प्यात बसतो. कप्पा आकसला की तार पुढे सरकते, पडदा भेदते आणि हृदयाच्या आवरणापर्यंत पोचते. मग गळ्याखालच्या पोळीला सूज, मानेची शीर फुगलेली, कोपरं बाहेर काढून उभी असलेली गाय. हे चित्र तुला खूप नंतर शिकवतील. त्याचं अर्धं उत्तर मात्र डिसेक्शनच्या टेबलावर आहे, एका बोटाच्या अंतरावर.

ॲनाटॉमीतच हिस्टॉलॉजी आणि एम्ब्रियॉलॉजी येतात. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडी आणि भ्रूणाची वाढ. मुलांना हा भाग सगळ्यात निरुपयोगी वाटतो. मला तो सगळ्यात जास्त कामाला आला. आपल्या भागात अजूनही कितीतरी घरांत वार पडेपर्यंत वासराला चीक पाजत नाहीत. असं करू नका म्हणून नुसतं सांगून कुणी ऐकत नाही. पण तू वारेची स्लाइड नीट पाहिलीस तर दिसेल की गाईचं रक्त आणि वासराचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे इतके थर असतात की रोगाशी लढणारे मोठे रेणू पलीकडे जाऊच शकत नाहीत. माणसाच्या बाळाला ते पोटातच मिळतात, वासरू मात्र मोकळ्या हातांनी जन्मतं. त्याला ते सगळं चिकातून मिळायचं असतं, आणि वासराच्या आतड्याचं ते दार पहिल्या काही तासांतच मिटायला लागतं, दिवसभरात बंद होतं. वार पडायला बारा तास लागले आणि तोवर वासरू उपाशी ठेवलं, तर पुढच्या हगवणीला दोष कुणाला द्यायचा? मी हे असं उलगडून सांगितलं की म्हातारी माणसंसुद्धा ऐकायची.

आणखी एक. जुळं झालं, एक खोंड आणि एक कालवड, तर शेतकरी विचारतो, कालवड ठेवू का विकू? दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या पोटात असतानाच जुळलेल्या असतात, त्यामुळे खोंडाच्या संप्रेरकांचा परिणाम कालवडीच्या वाढणाऱ्या गर्भाशयावर होतो. दहापैकी नऊ वेळा ती वांझ निघते. हे उत्तर एम्ब्रियॉलॉजीच्या दोन पानांत आहे आणि त्यावर एका घराचा तीन वर्षांचा चारा वाचतो.

फिजिओलॉजीत आधी आकडे येतील. गाईचं तापमान साधारण १०१.५ अंश फॅरनहाइट, शेळीचं त्याहून थोडं वर, कोंबडीचं १०६-१०७. आपल्याला १०१ म्हणजे ताप, गाईला १०१ म्हणजे ठणठणीत. पण आकडे पाठ करून थांबू नकोस. म्हैस काळी, तिला घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून उन्हात बांधलेल्या म्हशीचं तापमान दुपारी चढलेलं असतं आणि डुंबून आली की उतरतं. दुपारी दोनला उन्हातल्या म्हशीला थर्मामीटर लावून तापाचं इंजेक्शन देणारे महाभाग मी पाहिलेत.

प्रॅक्टिकलला रक्त तपासशील. हिमोग्लोबिन, पेशी मोजणं, ईएसआर म्हणजे नळीतल्या रक्तात लाल पेशी किती वेगाने खाली बसतात ते. गाईच्या रक्ताची ईएसआरची नळी तासभर उभी ठेवली तरी पेशी जेमतेम हलतात. दर वर्षी मुलांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं. गाईच्या लाल पेशी एकमेकींवर चळतीसारख्या चढत नाहीत, म्हणून त्या खाली बसत नाहीत. शेजारी घोड्याचं रक्त असेल तर ते बघता बघता खाली उतरतं. तसंच रक्तातल्या साखरेचं. गाईचा आकडा माणसाच्या जवळपास निम्मा येतो, आणि तो बरोबरच असतो.

आता रुमेन, म्हणजे गाईच्या पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, डाव्या बाजूचा. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आपल्या भागातल्या डॉक्टरचं निम्मं आयुष्य गाईच्या डाव्या कुशीपाशी जातं. गाय गवत खाते असं आपण म्हणतो. खरं तर गाय जंतूंना गवत खाऊ घालते आणि जंतूंनी बनवलेल्या आम्लांवर आणि स्वतः त्या जंतूंवर जगते. तुमच्या परड्यातली गोबरगॅसची टाकी आठव, तसंच काम, फक्त इथे गॅस साठवायचा नाही, ढेकरेतून बाहेर काढायचा. त्या टाकीतली आंबटाई हाताबाहेर जाऊ नये म्हणून गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते, आणि ती लाळ रवंथ करताना सुटते. म्हणजे रवंथ थांबली की लाळ घटली, लाळ घटली की आम्ल वाढलं.

हे कळलं की लग्नसराईतल्या केसेस आपोआप कळतात. मांडवातला उरलेला भात, पोळ्या, बुंदी कुणीतरी मायेने गाईपुढे ओततं. पिष्ट आणि साखर एकदम मिळाल्यावर टाकीतले नेहमीचे जंतू मागे पडतात, लॅक्टिक आम्ल करणारे भराभर वाढतात, रुमेन आंबतं आणि ठप्प होतं. अंगातलं पाणी रुमेनमध्ये ओढलं जातं, डोळे खोल जातात, दुसऱ्या दिवशी गाय उठत नाही. खाण्याचा सोडा का पाजायचा हे तुला तेव्हा सांगावं लागणार नाही. आणि उलट, युरिया खाल्लेल्या जनावराला व्हिनेगर का पाजतात हेही नाही. तिथे आम्लाच्या जागी अमोनिया झालेला असतो.

त्यासाठी एक काम कर. सुट्टीत घरी आलीस की रोज संध्याकाळी एका गाईच्या डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून ठेव आणि घड्याळ लाव. मिनिटाला एक-दोनदा मूठ वर उचलली जाईल. मग कान लाव. दूरवर ढग गडगडल्यासारखं ऐकू येतं. चारा खाण्याआधी, खाल्ल्यावर, रवंथ करताना, गाभण गाईत, कालवडीत, सगळीकडे ऐक. मग एखाद्या दिवशी तो आवाज नसेल तेव्हा तुला कळेल. पुस्तकात या आवाजाचं वर्णन चार शब्दांचं आहे आणि चारही शब्दांचा उपयोग नाही.

पान्ह्याचंही तसंच. वासरू सडाला लागलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, मिनिटभरात कासेपर्यंत पोचतं आणि त्याचा जोर काही मिनिटंच टिकतो. म्हणून पिळायला बसल्यावर फोन घ्यायला उठायचं नाही. आणि गोठ्यात आरडाओरडा झाला, काठी उगारली, तर भीतीचं ॲड्रेनलीन त्या ऑक्सिटोसिनला अडवतं. गाय दूध चोरत नाही, तिला ते सोडताच येत नाही. एवढं समजलेला शेतकरी पान्हा सोडायचं इंजेक्शन मागायला येत नाही.

बायोकेमिस्ट्रीबद्दल खोटं बोलणार नाही. चक्रं आणि एन्झाइमांची नावं पाठ करताना जीव नकोसा होतो, आणि त्यातलं बरंचसं तू विसरशील, चालेल. पण रुमेनमधल्या प्रोपिऑनिक आम्लापासून गाय साखर कशी बनवते, साखर कमी पडली की चरबी वितळून कीटोन कसे तयार होतात, आणि व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम अचानक का घसरतं, हे तीन धडे नीट वाच. जास्त दुधाची संकरित गाय व्याली की याच तीन धड्यांवर तुझा फोन वाजणार आहे. कॅल्शियमची बाटली शिरेतून सोडताना ती हळू का सोडायची, आणि एक कान छातीवर का ठेवायचा, ते फिजिओलॉजीत हृदयाच्या स्नायूच्या प्रकरणात आहे. एकदम सोडलं तर तेच कॅल्शियम हृदय बंद पाडतं.

राहिलं एलपीएम. या विषयात मला तुझी काळजी वाटते. शहरातली मुलं घाबरून शिकतात. तुझ्यासारखी गोठ्यात वाढलेली मुलं "हे आम्हाला येतं" म्हणून तासाला पाठ टेकून बसतात. तुला खिलार गाय आणि पंढरपुरी म्हैस ओळखता येते, कबूल. देवणी आणि लाल कंधारी शेजारी उभ्या केल्या तर? डांगीच्या कातडीवर तेलकटपणा का असतो, भरपावसात तिला त्याचा काय फायदा? कोकण कपिला एवढीशी का? पूर्णाथडी म्हैस पाहिली आहेस कधी? उस्मानाबादी आणि संगमनेरी शेळी तर तुझ्या आजीलाही ओळखता येईल, पण त्याची कारणं सांगता आली पाहिजेत. शिवाय डुकरं, कोंबड्या, ससे, घोडे, प्रयोगशाळेतले उंदीर हे सगळं यातच येतं, आणि तिथे आपलं गाव कामाला येत नाही.

दूध तू लहानपणापासून काढतेस, पण अंगठा दुमडून काढत असशील. आमच्या भागात सगळेच काढतात. त्याने सड आतून दुखावतो. पूर्ण मुठीने काढायला शीक, आठवडाभर मनगटं दुखतील. दातांवरून वय ओळखणं बाजारात ऐकलेलं असेलच: आदत म्हणजे दुधाच्याच दातांचा, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही दात आले की जुळलेला. वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच, पाहायचे ते खालचे आठ. देशी जनावरात पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांत बदलते, संकरितात थोडी आधी. व्यापारी शिंगं तासून देईल, दात बदलून देऊ शकत नाही.

वजन करायला गावात काटा नसतो आणि औषधाचा डोस तर वजनावर असतो. त्यासाठी एक जुनं सूत्र शिकवतील, ते पहिल्याच दिवसापासून वापर. छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले शरीराची लांबी इंचात, भागिले ३००. उत्तर पौंडांत येतं. घेर ७० आणि लांबी ५६ असेल तर ९१५ पौंड, म्हणजे सुमारे ४१५ किलो. आधी डोळ्याने अंदाज कर, वहीत लिही, मगच मोज. वर्षअखेरीस दोन आकडे जवळ आलेले दिसतील.

कॉलेजचं स्वतःचं पशुधन प्रक्षेत्र असतं. सकाळच्या पाळीला तिथे जायला मुलं कुरकुरतात आणि दुपारी मात्र ओपीडीच्या दारात गर्दी करतात, कारण तिथे सीनियर सलाइन लावताना दिसतात, फोटो काढता येतात. ओपीडी कुठे पळून जात नाही, तिथे तुला तीन वर्षं काढायचीच आहेत. पहिल्या वर्षी प्रक्षेत्रावर जा. तिथल्या कामगारांशी ओळख कर. जनावर बिघडायच्या आदल्या दिवशी कसं वागतं हे त्यांना जितकं कळतं तितकं तुझ्या बऱ्याच शिक्षकांनाही कळत नाही. दावं कसं धरायचं, वेसणीला हात कधी घालायचा, लाथ कुठून येते, खोड्यात जनावर कसं घ्यायचं, हे त्यांच्याकडून शीक. ताकदीचं काम आहे, मुलीला झेपेल का, असं कुणी म्हटलं तर ऐकून घे आणि दोरी हातात घे. बैल ताकदीने पडत नाही. दोरीचे दोन फास अंगावर योग्य जागी बसले की मागून ओढताच तो स्वतःहून बसतो.

शेवटचा तुझा प्रश्न, डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा पुन्हा द्यावी का. वर्गात तुझ्याबरोबरची काही मुलं पलंगाखाली ती पुस्तकं ठेवून आलेली असतील. माणसांचीच डॉक्टर व्हायचं असेल तर आत्ताच घरी स्पष्ट सांग आणि वर्षभर तेच कर, त्यात लाज नाही. पण दोन दगडांवर पाय ठेवून पहिलं वर्ष काढू नकोस. तसं काढलेल्यांची नीटही गेलेली मी पाहिली आणि ॲनाटॉमीही कच्ची राहिलेली पाहिली, आणि ते कच्चेपण पुढे नोकरीत दहा-दहा वर्षं दिसतं.

जाण्याआधी एक काम मात्र नक्की. रेबीजची लस कुत्रं चावण्याआधीच घेता येते, ती घे, धनुर्वाताचीही घे. कॉलेजने सांगेपर्यंत थांबू नकोस. आणि घरच्या गोठ्यात गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने कधीच उचलायची नाही, आईलाही उचलू द्यायची नाही. गाई गाभडवणारा ब्रुसेलोसिस हा रोग माणसालाही होतो आणि तो वर्षानुवर्षं सोडत नाही.

आईवडिलांना नमस्कार सांग.

तुझा,
डॉक्टरकाका

ता. क. मोजायला शिंप्याची कापडी टेप घे. पोलादी टेप खडखडते, गाय बुजते. आणि ॲप्रन दोन शिवून ने, एक डिसेक्शनसाठी वेगळा. तो घरच्या कपड्यांत धुवायला टाकलास तर आई बोलेल.